दोघांच्या जेवणात दोघेही बसलेले असावेत

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी महिना जवळ आला की आपल्या वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत नवरा-बायकोने घरच्या घरी 'डेट नाइट' कशी साजरी करावी, यावर एखादा सचित्र लेख हमखास असतो. पांढऱ्या सॉसमधला पास्ता, गार्लिक ब्रेड, ग्लासात भरलेले चॉकलेटचे काहीतरी, लाल रुमाल आणि दोन मेणबत्त्या एवढे साहित्य त्यात ठरलेले असते. हॉटेलात जाण्याऐवजी घरी एकमेकांसाठी रांधावे, ही त्यामागची कल्पना मला मनापासून पटते आणि म्हणूनच तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. माझी तक्रार पास्त्याबद्दल नाही. जळगाव-भुसावळातच काय, आमच्या यावलसारख्या तालुक्याच्या गावीही आता त्याची पाकिटे किराणा दुकानात टांगलेली असतात; ज्यांना आवडतो त्यांनी तो खुशाल करावा. तक्रार एवढीच आहे की, या लेखांत जेवायला काय असावे याची चर्चा पानभर चालते, पण ते जेवण ताटात पडत असताना रांधणारे माणूस कुठे असावे, याबद्दल एक ओळही नसते.

आपल्याकडच्या रोजच्या जेवणाची घडणच अशी आहे की, रांधणाऱ्याला आणि जेवणाऱ्याला एका वेळी पानावर बसता येत नाही. पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, भाकरी फुगली की तिची वाफ जायच्या आत मोडली गेली पाहिजे, आणि या गरम वाढण्यालाच आपण मायेचे सर्वांत मोठे लक्षण समजतो. परिणामी ज्याच्यावर माया करायची तो ताटावर असतो आणि माया करणारी ओट्यापाशी पीठ मळलेल्या हातांनी उभी असते. लग्नाच्या पंगतीत नवरा-नवरी सगळ्या गावासमक्ष नाव घेऊन एकमेकांना घास भरवतात. त्यानंतर मात्र दोघांनी एकाच वेळी पहिला घास घेतला आहे, असा प्रसंग अनेक जोडप्यांच्या वाट्याला येतो तो दुसऱ्यांच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावरच. आमच्या पिढीत तर बायकोने नंतर, उरले-सुरले घेऊन जेवायला बसणे ही रीतच होती आणि ती पूर्णपणे गेली आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. सहा वर्षांवरील लोकांपैकी घरच्या माणसांसाठी बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण तीत ८१.२ टक्के आढळले, तर पुरुषांचे २६.१ टक्के. जे हे काम करतात त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ पाहिला तर स्त्रियांचा २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला. म्हणजे जी बाई एरवीच दिवसाचे जवळजवळ पाच तास घरकामात घालवते, तिला 'पतीराजांना खूश करण्यासाठी' आणखी तीन नवे पदार्थ शिकायला सांगायचे आणि वर त्याला प्रेमाची संध्याकाळ म्हणायचे, हा प्रकार जादा पाळी लावण्यासारखा झाला. त्या संध्याकाळी तिला काय मिळाले? दमलेले अंग, सॉस चिकटलेले पातेले आणि 'मस्त झालंय गं' एवढी एक दाद.

यावर 'पुरुषांना स्वयंपाक येतच नाही' हे उत्तर ठरलेले आहे. खान्देशात तरी हे उत्तर कोणी देऊ नये. हिवाळा सुरू झाला की आमच्याकडे शेता-शेतांत भरीत पार्ट्या रंगतात आणि तिथे भरीत करणारे बहुतेक पुरुषच असतात. कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या पेटवून त्यांवर वांगी रचणे, धुराने डोळे चुरचुरत असताना ती उलटीपालटी करणे, चटके सोसत साले काढणे, बडगीत, म्हणजे आमच्याकडच्या लाकडी उखळीत, मिरची-लसूण ठेचणे, मोठ्या पातेल्यात फोडणी घालणे ही सगळी कामे मंडळी हौसेने, एकमेकांना सूचना देत आणि एकमेकांच्या चुका काढत करतात. कोणाच्या हातचे भरीत सरस, यावर पैजा लागतात. चाळीस-पन्नास जणांच्या मापाने तेल आणि मीठ अंदाजाने बरोबर टाकणारा हा गडी घरी आला की त्याला चहाची साखर कोणत्या डब्यात आहे हे माहीत नसते, हे मला अजिबात खरे वाटत नाही. हाताला वळण आहे, कौशल्य आहे, हौसही आहे; फक्त ती मित्रांसाठी आहे. पन्नास जणांसाठी जे करता ते एका बाईसाठी करा, एवढेच मागणे आहे.

शिवाय हे भरीत दोघांच्या जेवणाला अगदी जमून येते आणि त्याचे कारण काव्यात्म नसून अगदी व्यवहारी आहे. दोघांनी बरोबर जेवायचे असेल तर पहिली अट अशी की, एकदा पानावर बसल्यावर कोणालाही उठायला लागू नये. म्हणून पदार्थ असे निवडावेत की जे आधी होऊन जातात आणि थांबल्याने बिघडत नाहीत. भरीत तसे आहे. ते कढत असताना जितके लागते त्यापेक्षा थोडे निवून, मिरची-लसूण अंगात मुरल्यावर अधिक लागते. घरी दोघांपुरते करायचे तर पाऊण किलोच्या आतबाहेरचे एक मोठे वांगे पुरते. आमच्या भागातले भरताचे वांगे फिकट हिरवे, पांढरट छटेचे असते. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि बामणोद, आसोदे या गावांची नावे त्यासाठी सर्वतोमुखी आहेत. बाजारात ते हातात घेऊन पाहावे. आकाराच्या मानाने हलके लागले तर घ्यावे, जड असेल तर आत बिया जास्त समजाव्यात. घरी आल्यावर तेलाचे बोट फिरवून सुरीने चार ठिकाणी टोचावे, कारण न टोचलेले वांगे आत वाफ कोंडून फुटते आणि मग रात्रीचा बराचसा वेळ शेगडी पुसण्यात जातो.

गॅसवर पऱ्हाट्यांच्या जाळाची चव येत नाही हे खरे, पण घाई केली नाही तर चांगलेच भाजले जाते. मध्यम आचेवर, देठाला धरून, सगळ्या बाजू काळ्या पडून सालीला सुरकुत्या येईपर्यंत आणि देठाजवळचा भाग बोटाने दाबल्यावर सहज आत जाईपर्यंत ते फिरवत राहावे. याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ मोबाइल बाजूला ठेवावा लागतो, हा एक वेगळाच लाभ. भाजलेले वांगे पातेल्यात घालून वर झाकण ठेवले की त्याच्या वाफेने साल सुटते. ते सोलताना हात पाण्यात बुडवून घ्यावा, वांगे मात्र पाण्याखाली धरू नये. धुतलेल्या वांग्याचे भरीत पांचट होते. सोलल्यावर त्याला सुटलेले पाणी निथळू द्यावे. पाच-सहा हिरव्या मिरच्या आणि आठ-दहा लसूण पाकळ्या थोड्या तेलावर परतून मिठाबरोबर ठेचाव्यात, त्यातच वांगे घालून बडगीत किंवा बडगी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात लाकडी रवीने ठेचावे. मिक्सरला हात लावू नये. मिक्सरमधून निघते ते भरीत नसते, तो गोळा असतो. भरताचे रेषे घासात जाणवले पाहिजेत. मग तेलात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप तांबूस करून, बारीक चिरलेली कांद्याची पात मूठभर घालून त्यावर हे ठेचलेले वांगे परतावे आणि वरून कोथिंबीर घालावी. तेलाचा हात आखडता घेऊ नये असे आमच्याकडे म्हणतात. डॉक्टरांनी मनाई केली असेल त्यांनी आपापले पाहावे.

राहिला प्रश्न भाकरीचा, कारण घोडे अडते ते तिथेच. भरताबरोबर कळण्याची भाकरी किंवा पुरी हवी. चार भाग ज्वारी आणि एक भाग अख्खे उडीद मिठासह दळून आणले की कळण्याचे पीठ तयार होते. उडदाच्या चिकटपणामुळे ती भाकरी थापताना नवख्याच्याही हाताखाली नुसत्या ज्वारीइतकी चिरत नाही आणि करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर तासाभराने खाण्याइतकी मऊ राहते. तेव्हा तीन-चार भाकरी आधी करून ठेवाव्यात, गॅस बंद करावा आणि मग बसावे. 'तव्यावरचीच हवी' हा हट्ट त्या एका संध्याकाळी दोघांनीही सोडावा. ज्यांना भाकरी थापता येत नाही त्यांनी ती शेजारून किंवा पोळी-भाकरी केंद्रातून आणावी, त्यात कमीपणा नाही.

भरताच्या वांग्याचा हंगाम सरल्यावरही आमच्या स्वयंपाकघरात अशा जेवणाची ददात नाही. शेवभाजीचा रस्सा कांदा-खोबरे काळपट भाजून, काळा मसाला घालून दुपारीच करून ठेवता येतो; शेव मात्र ताटे घेतल्यावरच वरून घालायची, कारण आधी घातली तर तिचा लगदा होतो. धुळ्याजवळच्या ढाब्यांवर मिळते तशी लाल तर्री घरी साधत नाही असे लोक म्हणतात, पण ढाब्यावरच्या फॅमिली रूममधल्या प्लायवूडच्या आडोशापेक्षा घर केव्हाही बरे. वरण-बट्टीही तशीच सोयीची आहे. कणकेच्या वळकट्या सकाळी वाफवून ठेवल्या की संध्याकाळी कापून तळायला दहा मिनिटे लागतात आणि वरण व घोटलेली वांग्याची भाजी तोवर शेगडीच्या कडेला वाट पाहत बसलेली असते. मांडे मात्र उलट्या खापरावर करायचे ज्याला-त्याला साधत नाहीत. आंब्याच्या दिवसांत ते मागणीप्रमाणे करून देणाऱ्या बाया गावोगावी असतात, त्यांच्याकडून आणावेत आणि आपण फक्त आमरस करावा. फक्त आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी कोणी हा बेत ठरवू नये. त्या सणाला आमच्याकडे लेकी माहेरी जातात आणि झोक्यावर बसलेल्या बाईला नवऱ्याच्या आमरसाची आठवण होईल, या भ्रमात राहण्यात अर्थ नाही.

मेणबत्त्यांविषयी थोडे लिहिणे भाग आहे. ज्या पिढीने भारनियमनाच्या काळात रोज संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात पोरांचे अभ्यास घेतले, तिला त्या उजेडाचे फारसे अप्रूप वाटत नाही. त्यातून आमचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना हात लावतो. कुलर लावला तर मेणबत्ती विझते आणि मेणबत्ती ठेवावी तर माणसे घामाघूम होतात. उजेड सौम्य हवा असेल तर ट्यूबलाइट बंद करून पिवळा दिवा लावावा. खरे तर आमच्याकडे उत्तम जागा आहे ती गच्ची. ज्यांची सपाट मातीच्या छताची जुनी धाब्याची घरे आहेत त्यांना तर सांगायलाच नको. रात्री नवाच्या पुढे तिथे वारा लागतो, सतरंजी अंथरली की टेबल-खुर्चीचा प्रश्न मिटतो आणि सगळा स्वयंपाक एका पाटीत घेऊन वर जायचे असल्याने खाली परत जाण्याचा कंटाळा दोघांनाही येतो. आपल्याला तेच हवे असते.

एकत्र कुटुंबात हे कसे जमावे, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याचे बरोबर आहे; पुरवण्यांतल्या लेखांतली घरे नेहमी दोघांचीच असतात, आमची नसतात. सासूबाईंना वगळून सुनेने आणि मुलाने निराळे काही करून खाणे आमच्याकडे शोभत नाही आणि ते बरोबरही नाही. पण करायचे तर सगळ्यांसाठी करावे आणि जेवायचे दोन पंगतींत, यात कोणाचा मान जातो? वडीलधारी माणसे दिवेलागणीनंतर लवकर जेवतात, पोरांनाही तेव्हाच वाढावे. दोघांनी मागाहून बसावे. मुलगा चुलीपाशी दिसला की पहिल्या दिवशी आई 'सरक बाजूला, मी करते' म्हणेलच. त्याने सरकू नये. शेजारपाजारचे लोक 'बायकोचा बैल' म्हणतील, तर त्यांना एक वाटी भरीत पाठवावे. वाटी रिकामी परत येते आणि बोलणेही थांबते, निदान पुढच्या हिवाळ्यापर्यंत.

या साऱ्याच्या आधी करण्याची एक गोष्ट मात्र राहूनच जाते. भरीत पार्टीला जमलेल्या मंडळींना मी मधूनमधून विचारतो की, तुमच्या घरच्यांना खायला काय आवडते? उत्तर बहुधा असे येते की, 'ती सगळंच छान करते.' प्रश्न तिच्या आवडीचा असतो आणि उत्तर तिच्या हाताचे मिळते. दहा-वीस वर्षे एका छताखाली काढूनही तिला वांगे आवडते की नाही, तिला तिखट सोसते की ती केवळ आपल्यासाठी खाते, माहेरी ती कशासाठी हट्ट धरायची, याची माहिती आपल्यापैकी अनेकांना नसते, कारण घरातली भाजी कधी तिच्या आवडीने ठरलेलीच नसते. ज्याला बेत ठरवायचा आहे त्याने आधी विचारून घ्यावे. 'काहीही चालेल' हे पहिले उत्तर सोडून द्यावे, कारण ते सवयीचे असते. दुसऱ्यांदा, दोन-चार दिवसांनी विचारले की खरे उत्तर येते. आमच्या घरी ते उत्तर साधा मुगाचा वरण-भात आणि वर तळलेली बिबडी, म्हणजे ज्वारीचे पापड, असे निघाले होते. एवढे तोंडाला पाणी सोडणारे भरताचे वर्णन केल्यावर हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण ज्याच्यासाठी रांधायचे त्याच्या आवडीपुढे भौगोलिक मानांकनाचा काही इलाज चालत नाही.

आणि भांडी. ज्याने रांधले त्याने ओटा पुसून, पातेली घासून, उरलेले झाकून ठेवूनच झोपावे. पुरुषाने हौसेने केलेल्या स्वयंपाकानंतर ओट्यावर जे दृश्य दिसते त्याचे वर्णन येथे करत नाही, आपल्या वाचक भगिनींना ते ठाऊक आहे. सकाळी उठून बाईला जळका बर्नर आणि करपलेली कढई दिसली तर रात्रीच्या सगळ्या पिवळ्या उजेडावर पाणी पडते.

संपादक महोदय, आपल्या पाककृतींच्या सदराकडून काही लहान-सहान अपेक्षा आहेत आणि त्या पुऱ्या करायला फारसा खर्च येणार नाही. पाककृती नेहमी चार ते सहा माणसांच्या मापाने छापल्या जातात. मुले शिक्षणाला आणि नोकरीला पुण्या-मुंबईला गेल्यावर आमच्या भागात दोघेच उरलेली घरे आता गल्लोगल्ली आहेत, तेव्हा दोघांचे मापही द्यावे. निम्मे करा म्हणणे सोपे असते, पण निम्मे मीठ आणि निम्मी फोडणी नवख्याला साधत नाही. कोणता टप्पा सकाळी उरकता येतो, कोणता ऐनवेळीच करायचा आणि तयार पदार्थ किती वेळ थांबू शकतो, हे प्रत्येक कृतीखाली एका ओळीत लिहावे. 'मैत्रिणींनो' या संबोधनाने सुरुवात होणारी कृती पुरुष वाचतच नाहीत, तेव्हा ते संबोधनही गाळावे. आणि फेब्रुवारीतल्या त्या लेखाशेजारी यंदा पाहिजे तर पास्ता राहू द्या, पण खाली भरताची कृतीही छापा. तोवर आमच्याकडे वांग्यांचा हंगाम उतरणीला लागलेला असतो, त्यामुळे ती जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच आली तर अधिक बरे.

कळावे,

आपला नम्र,
एक नियमित वाचक
यावल, जि. जळगाव